चाकाच्या खुर्चीला मोटर : निवड कोणाची?

अपंगांसाठी भरणाऱ्या साहित्यवाटप शिबिराचे दृश्य महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांना परिचित आहे. मंडप घातलेला असतो. एका बाजूला रांगेने तिचाकी सायकली मांडलेल्या असतात, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या. लाभार्थींना सकाळी नऊ वाजता बोलावलेले असते आणि पाहुणे दुपारी एक वाजता येतात. भाषणे होतात, हार होतात, छायाचित्रे निघतात, आणि ज्याच्या नावावर जी खुर्ची यादीत लिहिली असेल ती त्याच्या हवाली केली जाते. त्याच्या कमरेची रुंदी किती, मांडीची लांबी किती, घराचा उंबरा किती उंच, हातात जोर किती, कामाला तो जातो कोठे आणि कसा, यांपैकी एकही प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुष्कळ खुर्च्या मग काही महिन्यांतच घराच्या मागच्या पडवीत जाऊन पडतात. अधिकारी म्हणतात, 'या लोकांना वस्तूची किंमत नाही.' खरी गोष्ट अशी की वस्तू देणाऱ्याला माणसाचे माप ठाऊक नव्हते.

या जुन्या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत नवे रूप आले आहे. हाताने ढकलण्याच्या खुर्चीला जोडता येईल आणि हवे तेव्हा काढून ठेवता येईल, असे विजेवर चालणारे साधन आता आपल्या देशात तयार होते. मद्रासच्या आय.आय.टी.तील संशोधनातून उभ्या राहिलेल्या 'निओमोशन' या उद्योगाने २०२१ साली मापाप्रमाणे बनणारी 'निओफ्लाय' ही खुर्ची आणि तिला पुढून जोडावयाचे 'निओबोल्ट' हे मोटरचे चाक बाजारात आणले. त्या वेळी जाहीर झालेल्या किमती अनुक्रमे ३९,९०० आणि ५५,००० रुपये होत्या. वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि एकदा बॅटरी भरली की २५ किलोमीटरपर्यंतचा पल्ला, असे सांगण्यात आले. परदेशात अशा साधनांच्या अनेक तऱ्हा पूर्वीपासून आहेत. तेव्हा प्रश्न आता यंत्र आहे की नाही हा उरलेला नाही. ते कोणाला मिळावे, कोणते मिळावे, आणि त्याची निवड कोणी करावी, हे प्रश्न उभे आहेत. हे तिन्ही प्रश्न वरवर तांत्रिक दिसले तरी मुळात राजकीय आहेत.

खांद्यावरचे ओझे

ज्याचे पाय चालत नाहीत त्याचे हातच पाय होतात, असे आपण सहज बोलून जातो. शरीराला मात्र हा बदल सहज मानवत नाही. खांद्याचा सांधा हात सर्व दिशांनी फिरावा म्हणून निसर्गाने सैल ठेवलेला आहे. तो देहाचे ओझे वाहण्यासाठी घडलेला नाही. खुर्ची ढकलणारा माणूस दिवसातून शेकडो वेळा त्याच सांध्यावर जोर देतो, आणि शिवाय खुर्चीतून खाटेवर, खाटेवरून खुर्चीत स्वतःचे सगळे शरीर हातांवर उचलून नेतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या लोकांत दहा-पंधरा वर्षांनी खांदेदुखी फार मोठ्या प्रमाणावर आढळते, याचे कारण हेच आहे. पायाने अपंग झालेल्या माणसाचे हातही गेले, तर त्याचे स्वावलंबन दुसऱ्यांदा हिरावले जाते.

साधा हिशेब करून पाहावा. ६५ किलोचा माणूस आणि २० किलोची लोखंडी खुर्ची मिळून ८५ किलो होतात. एकास बारा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणारा उतार हा इमारतींसाठी मान्य झालेला उतार आहे. त्यावरून सेकंदाला एक मीटर या संथ चालीने हे वजन वर न्यायचे तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ७० वॅट शक्ती लागते. घर्षण, खड्डे आणि खडी यांचा हिशेब निराळाच. ही शक्ती मुख्यतः खांदे आणि दंड यांतून यावयाची असते. इमारतीचा नियमात बसणारा उतार जर इतका भारी, तर आपल्या गावांतील वाटा, पुलांचे चढ आणि बाजारपेठेतील गटारांवरच्या फरशा यांचे काय, हे निराळे सांगावयास नको. मोटर ही येथे चैन नव्हे. जे काम शरीर फार काळ करू शकत नाही, तेवढेच ती उचलते.

गांधीजी यंत्राचे विरोधक म्हणून ओळखले जातात. परंतु शिवणयंत्र त्यांनी १९२४ साली आवर्जून अपवाद म्हणून सांगितले होते. माणसाच्या श्रमाविषयीच्या कळवळ्यातून निघालेले आणि माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र त्यांना मान्य होते. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला तोही याच धाग्याने. खुर्चीला जोडलेली मोटर हे छोट्या यंत्राचे इतके चोख उदाहरण आहे की समाजवादी विचाराच्या माणसाने त्याकडे दुर्लक्ष करणे शोभणारे नाही.

चार तऱ्हा, चार गरजा

'मोटर लावलेली खुर्ची' असे एकच नाव दिले की सगळी साधने सारखी वाटू लागतात. वस्तुतः त्यांत चार ठळक तऱ्हा आहेत, आणि एकीचे काम दुसरीने होत नाही.

पहिली तऱ्हा पुढून जोडावयाच्या चाकाची. त्यात मोटर, बॅटरी, हँडल आणि ब्रेक एकत्र असतात. जोडल्यावर खुर्चीची पुढची छोटी चाके जमिनीपासून उचलली जातात आणि खुर्ची तिचाकी वाहन बनते. आपल्या रस्त्यांवर हाच सर्वांत मोठा गुण आहे. खड्ड्यात अडकतात ती छोटी चाके, आणि माणूस तोंडघशी पडतो तोही त्यांच्यामुळेच. कचेरी, कारखाना, शाळा वा दुकान आले की पुढचे चाक काढून ठेवावे आणि त्याच खुर्चीने आत जावे. दोषही आहेत. हँडल धरण्यास व ब्रेक दाबण्यास हातांत बऱ्यापैकी पकड हवी. वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे तीव्र चढावर वा सुट्या वाळूत पुढचे चाक जागच्या जागी फिरते. आणि काढून ठेवलेले चाक कोठे ठेवायचे, ते कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरी तऱ्हा मागून जोडावयाच्या छोट्या मोटरची. तिचे वजन सहा किलोच्या आसपास असते. ती खुर्चीला मागून ढकलते आणि दिशा हातांनीच द्यावी लागते. गुळगुळीत फरशी, लांबच लांब कॉरिडॉर, विद्यापीठाचे आवार अशा ठिकाणी ती उत्तम. परंतु पुढची छोटी चाके जमिनीवरच राहत असल्यामुळे खाचखळग्यांच्या रस्त्यावर मागून मिळणारा रेटा धोक्याचा ठरू शकतो.

तिसऱ्या तऱ्हेत मोटर चाकांच्या तुंब्यातच बसविलेली असते. माणूस कडी ढकलतो, चाक तो जोर ओळखते आणि त्यात स्वतःची भर घालते. ज्यांच्या हातांत जोर कमी आहे पण हालचाल आहे, ज्यांचे खांदे दुखू लागले आहेत, त्यांना हे साधन नैसर्गिक वाटते. तथापि अशी चाके जड असतात. खुर्ची उचलून गाडीत ठेवताना ते कळते. किंमतही फार मोठी असते आणि भारतात ती बहुतांशी आयातीवर अवलंबून आहे.

चौथी तऱ्हा हाताच्या दांडीने चालणाऱ्या दोन मोटरींची. ती बसविली की साधी खुर्ची विजेची खुर्ची होते. मानेजवळच्या इजेमुळे ज्यांच्या बोटांत पकडच नाही त्यांना पहिल्या तीन तऱ्हा सहसा निरुपयोगी असतात. त्यांच्यासाठी हीच वाट आहे.

यावरून निवडीचा नियम निघतो. आधी शरीर पाहावे, मग घर, मग रस्ता, मग काम, आणि शेवटी यंत्र. रोज चार किलोमीटरवरच्या गिरणीत हिशेब लिहावयास जाणाऱ्या माणसाला पहिली तऱ्हा वरदान आहे. दिवसभर रुग्णालयाच्या आवारात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला दुसरी किंवा तिसरी. दोघांना एकाच यादीतील एकच वस्तू देणे म्हणजे दोघांपैकी एकाला तरी फसविणे होय.

आधी खुर्ची, मग मोटर

यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. मोटर खुर्चीचे दोष झाकत नाही, ती वाढविते. शिबिरात मिळणारी रुंद, झोळीसारख्या रेक्झिनची घडीची खुर्ची मुळात रुग्णालयात रुग्णाला या खोलीतून त्या खोलीत नेण्यासाठी कल्पिलेली आहे. तिच्यात कोणी रोज आठ तास बसावे आणि रस्त्यावर जावे, अशी तिची घडण नाही. अशा डगमगत्या सांगाड्याला ताशी २० किलोमीटर वेगाचे चाक अडकविणे हे अपघाताला निमंत्रण आहे. सांगाडा भक्कम, माप बरोबर, मागच्या आसाची जागा योग्य आणि ब्रेक खात्रीचे असल्यावरच मोटरचा विचार करावा.

खुर्चीच्याही आधी येते ती बसण्याची गादी. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही त्याला एका जागी बसून कातडी दबते हे कळत नाही. तेथे व्रण होतो, तो हाडापर्यंत जातो, आणि महिनोन्महिने माणूस पालथा पडून राहतो. अशा व्रणातून जंतुसंसर्ग होऊन माणसे दगावतात. पन्नास हजारांची मोटर आणि फाटकी बैठक हा हिशेब जीवघेणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनसंपत्तीच्या देशांसाठी २००८ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत : नोंद, तपासणी, शिफारस, पैशाची व मागणीची व्यवस्था, खुर्चीची तयारी, अंगाला बसवून पाहणे, वापराचे शिक्षण, आणि नंतरची देखभाल व दुरुस्ती. आपली शिबिरे पहिल्या पायरीवरून थेट छायाचित्रावर उडी मारतात.

अर्थशास्त्र काय सांगते?

'इतके महाग साधन गरीब देशाला कसे परवडणार?' हा प्रश्न लगेच विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे. मुंबई महानगर प्रदेशात २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झाले. कामाची जागा चार किलोमीटरवर असेल तर एका फेरीला सुमारे ६९, दिवसाला १३८ आणि महिन्याच्या २५ दिवसांना ३,४५० रुपये होतात. रिक्षावाला खुर्चीसह घेण्यास तयार झाला तरचा हा हिशेब आहे. उलट ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी भरावयास अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. २०२१ च्या किमती धरल्या तर केवळ मोटरचे चाक सोळा महिन्यांत आणि खुर्चीसह सगळे साहित्य सव्वादोन वर्षांच्या आसपास रिक्षाभाड्यातूनच फिटते. काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च धरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

हा हिशेबही अपुरा आहे, कारण ज्याला जाता येत नाही तो बहुधा रिक्षाने जातच नाही. तो घरी बसतो. त्याची बुडालेली मजुरी, त्याला ने-आण करण्यासाठी काम सोडणारी आई वा बायको, आणि शाळेतून काढलेली धाकटी बहीण हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. खर्च मात्र होतोच. तो गरीब घराच्या, आणि विशेषतः त्या घरातील स्त्रियांच्या, माथ्यावर टाकलेला असतो. शासन ज्याला काटकसर म्हणते ती पुष्कळदा अशी खर्चाची ढकलाढकली असते.

मग बाजार हे काम का करीत नाही? कारण येथे गरज आहे, पण गरजूच्या हाती पैसा नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ती परिणामकारक मागणी नव्हे. मागणी थोडी म्हणून उत्पादन थोडे, उत्पादन थोडे म्हणून किंमत जास्त, आणि किंमत जास्त म्हणून मागणी पुन्हा थोडी, असे हे चक्र आहे. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांतील सुमारे ५४ लाखांची अडचण हालचालीची होती, आणि एकूण अपंगांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहत होते. या ५४ लाखांतील सर्वांना चाकाची खुर्ची लागते असे नाही. पण थोड्यांची गरज सार्वजनिक खरेदीने एकत्र केली तरी हे चक्र फिरविता येईल. कानपूरला १९७२ साली सरकारी क्षेत्रात 'अलिम्को' ही अपंगांची साधने बनविणारी संस्था स्थापन झाली ती याच विचाराने. सार्वजनिक संशोधन संस्थेत निघालेली रचना आणि सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना यांची सांगड घालण्यास कोणता कायदा आड येतो?

कराचाही प्रश्न आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसला. अपंगांच्या संघटनांनी त्याला चालण्यावरचा कर म्हटले. सरकारचा खुलासा असा होता की संपूर्ण माफी दिली तर कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा देशी कारखान्याला मिळत नाही आणि आयात माल स्वस्त ठरतो. खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण निर्यातीवर शून्य कर लावून वर परतावाही देण्याची सोय याच कायद्यात आहे. परदेशी ग्राहकासाठी जी सवलत सुचते ती देशातील अपंगासाठी सुचत नाही, यात अडचण तंत्राची नसून इच्छेची आहे.

योजनेची भाषा

केंद्राची साधन-साहाय्य योजना, जी 'एडिप' या नावाने ओळखली जाते, १९८१ पासून चालू आहे. २०१४ च्या सुधारित नियमांत तीव्र अपंगांसाठी मोटरची तिचाकी वा खुर्ची आली. अनुदानाची मर्यादा २५,००० रुपये आणि तेही दहा वर्षांतून एकदा. पुढे योजनेच्या मर्यादा वाढविण्यात आल्या, पण विचाराची चौकट तीच राहिली. २५,००० रुपये म्हणजे वर सांगितलेल्या खुर्ची व चाकाच्या ९४,९०० रुपयांच्या एक चतुर्थांशाहून किंचित अधिक.

रकमेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शिबिरात दिसते ती प्रामुख्याने तिचाकी. तिचाकी माणसाला कचेरीच्या दारापर्यंत नेते, दारातून आत नेत नाही. तेथे त्याला उतरावे लागते, आणि खुर्ची बरोबर नसल्यामुळे हातावर सरकत वा कोणाच्या कडेवर आत जावे लागते. मोटरच्या वाहनातून आलेला माणूस तहसील कचेरीच्या फरशीवरून सरपटत खिडकीपाशी जातो, हे दृश्य योजनेच्या अहवालात 'लाभार्थी' या एका शब्दात झाकले जाते. जोड-मोटरचे खरे मोल ताशी २५ किलोमीटरच्या वेगात नाही. उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत माणूस आपल्या खुर्चीतच, ताठ बसून राहतो, यात ते आहे.

'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द गेल्या दशकात सरकारी कागदांवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. शब्द बदलल्याने कोणाचे वाईट होत नाही. परंतु ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात पॉल हंट आणि विक फिंकेलस्टाईन यांच्या संघटनेने जो मुद्दा मांडला तो अधिक खोल होता. फिंकेलस्टाईन हे दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी लढ्यात तुरुंगवास भोगून आलेले, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसणारे कार्यकर्ते. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे, हा भेद त्यांच्या संघटनेने १९७६ च्या निवेदनात स्पष्ट केला. पाय न चालणे ही उणीव आहे. पायऱ्यांमुळे मतदानकेंद्रात जाता न येणे हे अपंगत्व आहे, आणि ते माणसाने बांधलेले आहे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न होता तो पाण्याचा असूनही केवळ पाण्याचा नव्हता. सार्वजनिक जागेवर हक्क कोणाचा, असा तो होता. हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

बिघडल्यावर काय?

यंत्र मिळाले की लढा संपला असे नाही. ते बिघडले की दुसरा लढा सुरू होतो. मक्तेदारीचा धोका या क्षेत्रात जुना आहे. घडीची खुर्ची १९३० च्या दशकात रूढ करणाऱ्या 'एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज' या अमेरिकन कंपनीने बाजार इतका आवळला की १९७७ साली तेथील न्याय खात्याला तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरावा लागला. हलक्या खुर्च्यांची लाट त्यानंतर आली, आणि ती आणण्यात स्वतः खुर्ची वापरणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

आजची मक्तेदारी लोखंडात नसून संगणकाच्या कुलपात आहे. युरोपात अशी विजेची चाके विकली जातात की ज्यांची मोटर ताशी साडेआठ किलोमीटरची मदत देऊ शकते, परंतु कारखान्यातून ती सहा किलोमीटरवर अडवून पाठविली जाते. उरलेले अडीच किलोमीटर हवे असतील तर मोबाइलवरील ॲपमधून वेगळे पैसे भरावयाचे. माणसाच्या पायांना टोलनाका बसविण्याचा हा प्रकार आहे. याच्या उलट, अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२२ साली विजेच्या खुर्च्यांसाठी दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा केला. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि संगणकीय किल्ल्या मालकाला व स्वतंत्र कारागिराला देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले.

आपल्याकडे याची वेळ आताच आहे. विजेच्या सायकली, स्कूटर आणि ई-रिक्षा यांच्यामुळे चाकात बसविलेली मोटर, तिचा नियंत्रक आणि लिथियम बॅटरी हाताळणारे कारागीर लहान शहरांतही तयार झाले आहेत. सरकारी पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक साधनाचे जोड, बॅटरी आणि भाग प्रमाणित असावेत, ते खुल्या बाजारात मिळावेत आणि कोणतेही कुलूप त्यावर नसावे, अशी अट खरेदीच्या निविदेत घालणे सहज शक्य आहे. ती आज घातली नाही, तर दहा वर्षांनी पडवीत तिचाकींच्या शेजारी मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग दिसेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की मोटरीमुळे माणूस आळशी होईल, हात निकामी होतील. सायकल सोडून मोटारसायकल घेणाऱ्या धडधाकट माणसाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शिवाय जोड-मोटर काढता येते. जवळ जाताना हात चालवावेत, दूर जाताना राखावेत, हा निर्णय ज्याचे हात आहेत त्याने घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका मोटरच्या पैशांत अनेक साध्या खुर्च्या येतात, मग थोड्यांना पुष्कळ द्यावे की पुष्कळांना थोडे? समतेची चाड असणाऱ्याने हा प्रश्न उडवून लावू नये. उत्तर असे की ज्याला अजून अंगाला बसणारी खुर्ची व गादी मिळालेली नाही त्याचा हक्क पहिला. पण न बसणाऱ्या दहा खुर्च्या वाटणे म्हणजे दहा जणांना थोडे देणे नव्हे. ते कोणालाच काही न देणे आहे. निधी अपुरा आहे म्हणून अपंगांनी आपसांत भांडावे, ही मांडणीच नाकारली पाहिजे.

तिसरा आक्षेप : आधी रस्ते व इमारती सुधारा, मोटरचे मग पाहू. यात अर्धे सत्य आहे. कोणतीही जोड-मोटर जिना चढत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवले गेले होते. 'राजीव रतुरी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ते मूळ कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम करण्यास सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. ती लढाई लढलीच पाहिजे. परंतु माणसाचे आयुष्य रस्ता होईपर्यंत थांबत नाही. आणि ज्या रस्त्यावर खुर्च्या दिसतच नाहीत, तो सुधारावा असे नगरसेवकाला कधी वाटत नाही. घराबाहेर पडलेला अपंग माणूस हाच सुगम्यतेच्या मागणीचा सर्वांत मोठा पुरावा असतो.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विषयात पक्षाच्या कार्यकर्त्याला करण्याजोगे बरेच आहे, आणि त्यासाठी सत्ता येण्याची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायती व नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा राज्य शासनाचा आदेश आहे. ती किती जमली, किती खर्च झाली आणि कशावर, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारावा. उत्तर 'वाटप केले' असे आले तर पुढचा प्रश्न विचारावा : माप कोणी घेतले?

साहित्यवाटपापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी मापे घेण्याचा दिवस ठेवावा, तेथे फिजिओथेरपिस्ट असावा, आणि साधने निदान तासभर चालवून पाहण्यास मिळावीत, अशी मागणी करावी. अर्जात 'कोणते साधन हवे' हा रकाना अर्जदाराने स्वतः भरावा आणि नाकारल्यास कारण लेखी मिळावे. तालुक्यातील एखाद्या कारागिराशी दुरुस्तीचा वार्षिक करार करण्यास स्थानिक संस्थेला भाग पाडावे. आणि या सर्व समित्यांवर स्वतः खुर्ची वापरणारी माणसे, त्यांतही स्त्रिया, असाव्यात. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जायबंदी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे आणि नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात अपंगांचे काम स्वतः खुर्चीत बसून उभे केले आहे. खुर्ची वापरणाऱ्या जाणत्या माणसांची महाराष्ट्रात वाण नाही. वाण आहे ती त्यांना विचारण्याच्या सवयीची.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कविषयक करार भारताने २००७ साली मान्य केला. माणसाला स्वतःच्या पसंतीच्या रीतीने, पसंतीच्या वेळी आणि परवडणाऱ्या खर्चात हिंडता-फिरता यावे, हे त्यातील विसाव्या कलमाचे सार आहे. त्यात 'पसंती' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. दान घेणाऱ्याला पसंती नसते, नागरिकाला असते. पुढच्या शिबिरात मंडपातील पहिल्या रांगेत कोण बसले आहे यापेक्षा, खुर्चीवर नाव लिहिण्याआधी त्या माणसाला कोणी काही विचारले होते का, एवढे जरी कार्यकर्त्यांनी पाहिले तरी कामाची सुरुवात होईल.